चौकोनातलं शून्य

शनिवारचा शेवटचा तास विज्ञानाच्या बाईंनी अक्षरशः भांडून मिळवला होता. मुख्याध्यापकांकडून जादा तास काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. पोरं त्यांना पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणायची, ते काही उगाच नाही.

"पुस्तक नाही, परीक्षा नाही, मुलंच प्रश्न काढणार, मुलंच उत्तर शोधणार. मग तुम्ही काय करणार बाई?" सरांनी विचारलं होतं.

"मी गप्प बसणार सर. आणि माझ्यासारखीला तेच सगळ्यात अवघड."

सर हसले नाहीत, पण एक सत्र दिलं. सत्र संपताना येऊन बघीन म्हणाले, दम दिसला तर तास राहील, नाहीतर त्या जागी गणिताची उजळणी. बाईंनी लगेच होकार दिला. आपल्या आठवीवर त्यांचा फार जीव होता आणि त्याहून जास्त भरवसा.

काम सोपं होतं. कीटकांचा अभ्यास करणारी मंडळी एकटी किती ठिकाणी पुरणार? म्हणून ठिकठिकाणचे हौशी लोक त्यांना हातभार लावत. फुलझाडापाशी सुतळीचा चौकोन टाकायचा, दहा मिनिटं बसायचं, चौकोनातल्या फुलांवर किती मधमाश्या उतरल्या ते मोजायचं आणि सत्राअखेर सगळे आकडे पाठवून द्यायचे. त्यात आठवीने स्वतःचा एक प्रश्न घातला: रहदारीच्या रस्त्याकडेला मधमाश्या कमी येतात का?

झालं, पोरं हात धुऊन मागे लागली. कुणी दवाखान्याच्या कुंपणाशी ठाण मांडलं, कुणी पेट्रोल पंपामागे. एकीने धाकट्या भावाला कुत्री हाकलायला पहाऱ्यावर बसवलं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर आलेख चढू लागला. बाई शिक्षकांच्या खोलीत नुसत्या मिरवत होत्या म्हणा ना.

आणि मग एका शनिवारी शंकासुर उभी राहिली. शंकासुर म्हणजे पहिल्या बाकावरची, दोन वेण्यांची, प्रश्न विचारल्याशिवाय डबा न उघडणारी.

"बाई, रस्त्यावर आणि गल्लीत सारख्याच माश्या आल्यात."

"मग ते आपलं उत्तर."

"पण बाई, शून्य कुणालाच कसं नाही आलं? एकदासुद्धा?"

बाईंनी आलेखाकडे पाहिलं. खरंच की! एकाचे ठोकळे होते, दोनाचे होते, शून्याची जागा स्वच्छ. पेट्रोल पंपामागे, धुरात, दर खेपेला मधमाशी हजर? ती काय हजेरी लावायला येते?

"एकही आली नाही, तर तुम्ही काय लिहिता रे?" बाईंनी विचारलं.

मग मागून आवाज आला, "येईपर्यंत बसतो बाई."

"मी साध्या माशीला धरतो. उडते तर तीपण."

"मी चौकोन सरकवते," भावाला पहाऱ्यावर बसवणारीने सांगितलं. "माश्या असतात तिकडे."

"अरे देवा! पण का?"

पोरांना प्रश्नच विचित्र वाटला. शेवटी शंकासुरच म्हणाली, "तुम्हीच सांगता ना बाई. पेपर कोरा सोडायचा नाही, काहीतरी लिहायचं, एखादा मार्क तरी पडतो. आणि शून्य म्हणजे नापासच की."

बाईंना आधी हसू आलं, मग ते विरलं. दर परीक्षेआधी त्या हेच सांगत आल्या होत्या, जीव तोडून. पोरांनी खोटेपणा केला नव्हता, बिचाऱ्यांनी आज्ञा पाळली होती.

घरी जेवताना त्यांनी हे सांगितलं, तर नवऱ्याने वाटी पुढे करत तोडगाही दिला. "पाठवून दे आहे तसे. एवढ्या आकड्यांत तुझी पोरं कोण शोधत बसतंय? सत्र संपत आलंय, तासावर पाणी सोडायचंय का?"

"आणि सोमवारी पोरांच्या तोंडाकडे कशी बघेल ती?" सासूबाईंनी मुलालाच झापलं. "तू जेव मुकाट्याने."

सोमवारी बाईंनी फळ्यावर फक्त दोन वाक्यं लिहिली. माशी न येणं हीसुद्धा माहिती आहे. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. आणि खुर्चीत बसून ओठ घट्ट मिटून घेतले. पोरं भांडली, ओरडली, एक जण रुसूनही बसला. गप्प राहता राहता बाईंचा जीव नुसता कासावीस झाला. तास संपताना शंकासुरने उठून मागच्या भिंतीवरचा आलेख काढला आणि कुणी तिला अडवलं नाही. नवे नियम पोरांनीच केले: जोडीने बसायचं, दुसऱ्याच्या चौकोनापाशी बसायचं, घड्याळ एकदा लावलं की हलायचं नाही.

सत्राच्या शेवटच्या शनिवारी मुख्याध्यापक आले, तेव्हा भिंतीवर नवा आलेख होता आणि त्यात शून्याचा ठोकळा सगळ्यांत उंच.

"सबंध सत्र घालवून शून्य?" सरांचा चष्मा नाकावर उतरला. "बाई, हा दम?"

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या गप्प राहिल्या. शंकासुर पुढे झाली आणि तिने सगळं सांगितलं, आधीच्या थापांसकट. मग म्हणाली, "आता बघा सर, शून्यं बहुतेक रस्त्याकडेची आहेत. आधी आम्ही ती खाल्ली होती, म्हणून उत्तर दिसत नव्हतं."

"पण एकदा खोटं लिहिलंत," सर शांतपणे म्हणाले, "आता खरं लिहिलंय हे मी कशावरून मानू?"

हा घाव वर्मी बसला. तास गेला, हे बाईंनी मनोमन कबूल करून टाकलं.

"मानू नका सर," शंकासुर म्हणाली. "मोजा."

आणि अहो, आले की सर! फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या फुलझाडांपाशी, गुडघा धरत कट्ट्यावर बसले. पोरांनी सुतळी टाकली, घड्याळ लावलं. ट्रक गेले, फटफट्या गेल्या. सुरुवातीला सर पोरांकडे बघत होते, मग चौकोनाकडेच टक लावून बसले. काही येईना. सर पुढे वाकले, आणखी वाकले. आता त्यांनाच ती मधमाशी हवी होती, बाईंना ते स्पष्ट दिसलं.

आणि शेवटच्या मिनिटाला एक आली. गुणगुणत खाली उतरली आणि शेजारच्या झुडपावर बसली, सुतळीपासून वीतभर लांब.

"आली!" सर लहान पोरासारखे ओरडले. पेन कागदावर टेकलं. मग त्यांनी मान वर केली आणि चोरट्या आवाजात विचारलं, "ही... धरायची का रे?"

"नाही सर!" अख्खी आठवी एका सुरात गरजली.

घड्याळ वाजलं. सर कागदाकडे बघत राहिले. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांना पुष्कळ शून्यं दिली असतील, स्वतःच्या नावापुढे मात्र हे पहिलंच असावं. त्यांनी ते सावकाश, गोल काढलं. खाली सही केली.

उठताना त्यांनी बाईंचा हात धरला, गुडघ्यासाठी.

"शनिवारचा शेवटचा तास कुणी ठरवला होता?" ते करवादले.

"तुम्हीच दिलात सर."

"चुकलं. भर दुपारी कुठली माशी येणार? पुढच्या सत्रापासून पहिला घ्या. आणि मला बोलवा."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि त्यांनी ते खुशाल येऊ दिलं.