पंचवीस डिसेंबरचा रकाना

बाबांनी पांढऱ्या पेटीचं दार उघडलं, खिशातलं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि परत खिशात टाकलं. आठ अठ्ठावीस. अजून दोन मिनिटं होती, आणि साडेआठच्या आधी वाचन घेणं म्हणजे बाबांच्या लेखी पाप.

"काका, दोन मिनिटांनी असं काय बिघडणार आहे?" हवामान खात्याकडून आलेल्या तंत्रज्ञ मुलीनं विचारलं. थंडीनं तिचं नाक लाल झालं होतं.

"दोन मिनिटांनी काही नाही बिघडत. सवयीनं बिघडतं. आज दोन, उद्या पाच, परवा म्हणाल जेवून घेऊ."

मागच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली ही झडपांची पेटी आणि तिच्यातले तापमापक गेली अडतीस वर्षं बाबांच्या ताब्यात होते. रोज सकाळी साडेआठला रात्रीचं सगळ्यात कमी तापमान वाचायचं, जाड नोंदवहीत लिहायचं, पुढे सही ठोकायची. पेटीशेजारी काल मुलीनं एक खांब रोवला होता. त्यावरचं यंत्र उद्यापासून दर पंधरा मिनिटांनी आपलं आपणच आकडे पाठवणार होतं. त्याला ना घड्याळ लागणार होतं, ना चष्मा, ना आधीचा चहा.

मुंगी चहाचे कप घेऊन पायरीवर आली. मुंगी म्हणजे बाबांची एकुलती एक लेक. आता एक्केचाळीस वर्षांची, दूरच्या शहरात चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी बाई. पण घरच्या अंगणात पाय ठेवला की तिची पुन्हा मुंगीच व्हायची. जगाचे नंबर काढायचे आणि घरच्या बापाचा मोतीबिंदू तसाच, हे तिचं दरवर्षीचं दुखणं. ऑपरेशनचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं होतं, "आणि त्या दिवशी वाचन कोण घेणार, तुझा काका?" निदान उद्यापासून ती सबब तरी संपणार होती.

"मुंगे!" कुंपणापलीकडून बेकरीवाल्या काकांनी हाक दिली. नाताळच्या केकचे डबे मांडता मांडता ते भिंतीशी येऊन उभे राहिले होते. "उद्या तुझ्या थंडीचा वाढदिवस गं! किती वर्षं झाली?"

"एकतीस, काका."

"शून्याखाली दोन!" काकांनी तंत्रज्ञ मुलीला ऐकवलं. "अशी थंडी गावात ना आधी पडली ना नंतर. हिनं मोजली, दहा वर्षांच्या पोरीनं! आमच्या नळाचं पाणी गोठलं होतं, माहितीये? दोन तास पीठ फुगायला तयार नाही!"

मुंगी हसली. एकतीस वर्षं झाली तरी हे ऐकलं की तिला बरं वाटायचं, हे काही खोटं नाही. दुकानात नंबर काढताना, पोरं कंटाळली की ती हीच गोष्ट सांगायची.

घड्याळात साडेआठ झाले. बाबा बाजूला सरकले. "आज तू वाच," ते तंत्रज्ञ मुलीला म्हणाले. "शेवटचा दिवस आहे. निदान एकदा तरी डोळ्यांनी वाचलंय असं सांगशील."

मुलीनं वाकून आडव्या नळीत पाहिलं. नळीतल्या पारदर्शक द्रवात एक काळी बारीक दांडी पडली होती, अर्ध्या आगकाडीएवढी.

"पाच," मुलगी म्हणाली.

बाबा मनापासून हसले. कित्येक महिन्यांत मुंगीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"अकरा! वाटलंच मला. अगं, थंडी वाढली की द्रव मागे सरतो आणि दांडीला सोबत ओढतो. सकाळी तो पुढे जातो, दांडी तिथेच राहते. तेव्हा दांडीचं पुढचं टोक वाचायचं, नळीच्या बुडाशी असलेल्या फुग्यापासून लांबचं. नवखा माणूस हमखास जवळचं टोक वाचतो. दांडीची लांबी सहा अंशांची. झाली सहा अंशांची चूक!"

मुलगी जीभ चावून हसली. बाबांनी नोंदवही उघडली. मुंगीच्या हातातला चहा मात्र कपातच राहिला. 

लांबचं टोक की जवळचं? तिनं डोळे मिटले. ती सकाळ तिला काल घडल्यासारखी आठवत होती. आई चार दिवसांपूर्वीच मामाकडे गेली होती. चोवीस तारखेला संध्याकाळी मुंगीचं शाळेत गाणं होतं. गाणं संपलं तसं बाबांनी तिला बेकरीवाल्या काकूंकडे सोडलं, "आईला घेऊन उद्या दुपारपर्यंत येतो" म्हणाले आणि शेवटची बस पकडून गेले. सकाळी तिला जाग आली ती एकाच विचारानं. आजचा रकाना कोरा राहणार! रकाना कोरा राहता कामा नये, हे वाक्य त्या घरात प्रार्थनेसारखं रोज कानावर पडायचं. मग काकूंची नजर चुकवून ती कुंपणावरून अंगणात उतरली, स्टूल ओढलं, वर चढली. काळी दांडी होती. टोक होतं. तिनं बोट ठेवलं होतं, काचेच्या फुग्याच्या बाजूनं, डावीकडून. डावीकडून पहिलं जे टोक लागलं, ते.

म्हणजे शून्याखाली दोन नव्हतंच. चार होतं. साधं, कुठल्याही डिसेंबरात असतं तसलं चार. आणि तिला सगळ्यांत वाईट वाटलं ते नळाचं. काकांच्या गोठलेल्या नळाचं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. अडतीस वर्षांच्या नोंदवह्यांचे ढीग दोन दिवसांत फोनमधून संगणकात गेले होते. मुलगी पानावर फोन धरायची, मुंगी पान सपाट दाबून धरायची, आणि फोन बाबांचे आकडे ओळखायचा. शंका आली की आकडा लाल करायचा. बहुतेक लाल आकडे म्हणजे बाबांचे सात होते. फोनला ते एक वाटायचे.

"एवढं वळणदार सात आणि याला वाचता येत नाही," बाबा करवादायचे. "शाळेत घाला म्हणावं आधी."

मुलीनं घड्याळ पाहिलं. चारच्या बसनं तिला आपल्या घरी पोचायचं होतं, उद्या नाताळ. "झालंच आता. फक्त एक लाल राहिलाय." तिनं फोन बाबांसमोर धरला, मग त्यांचे डोळे आठवून स्वतःच वाचला. "पंचवीस डिसेंबर. उणे दोन. त्याच दिवशी शेजारच्या केंद्रांवर साडेचार आणि पाच आहे. तो विचारतोय, नोंद खरी, की नोंद नाही?"

 मुलीनं दोघांकडे पाहिलं. "काका, मी तुम्ही म्हणाल ते दाबते. फक्त एक सांगून ठेवते. एकही दिवस न चुकवलेले अख्ख्या खात्यात तुम्ही एकटेच उरलात. जानेवारीत सन्मान आहे, मोठ्या साहेबांच्या हस्ते. 'नोंद नाही' दाबलं तर यादी आपोआप बदलते. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"पाच मिनिटं दे," मुंगी म्हणाली. "बाबा, जरा अंगणात या."

दोघं अंगणात आली. पेटीच्या छपरावर एक बुलबुल येऊन बसला, त्यांना पाहून उडाला. आई असती तर या वेळी व्हरांड्यात नाताळची कागदी चांदणी टांगून घेत असती आणि खाली उभं राहून "डावीकडे, अजून डावीकडे" असं बाबांना दामटत असती. चार वर्षं झाली तिला जाऊन. चांदणी माळ्यावरच होती.

"बाबा, मी चुकीचं टोक वाचलं होतं."

"हं."

"हं काय? तुमची अडतीस वर्षांची वही, आणि तिच्यात मी... तुम्ही त्यावर सही केलीत! मी जगाला सांगत हिंडतेय, मी मोजली म्हणून. आज सकाळी कळलं मला. आता काय करायचं? खरं सांगितलं तर तुमचा सन्मान जातो. नाही सांगितलं तर..."  दुकानात लोकांना धीर देणारी बाई बापासमोर दहा वर्षांच्या पोरीसारखी रडायला लागली.

"अगं वेडे, मला काय आज कळलं?" बाबा पायरीवर बसले. "आम्ही दोघं दारात आलो, तू वही छातीशी धरून धावत आलीस. आकडा पाहिला नि मला कळलं. दांडी तर तू पुढच्या रात्रीसाठी द्रवाच्या टोकाशी सरकवून ठेवली होतीस, पुन्हा पाहायची सोय नाही. कोण सांगणार तुला? तू आनंदानं नाचत होतीस."

"मग खोडायचं नाही का नंतर?"

"खात्याचं पत्रही आलं होतं, खात्री करा म्हणून. मी खोडायलाच निघालो होतो. तुझ्या आईनं हात धरला. म्हणाली, पोरीचं तोंड पाडू नका. तिनंच पत्र सांगितलं, मी लिहिलं. 'वाचन बरोबर आहे.' आयुष्यात तेवढं एकच खोटं लिहिलं मी सरकारला."

मुंगीनं पदरानं डोळे पुसले. बाबा खांबावरच्या यंत्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुला माहीत नाही, ती मामाकडे सहज नव्हती गेली. भांडून गेली होती."

"कशावरून?"

"या पेटीवरून. सात वर्षांत एक रात्र मी घराबाहेर काढली नव्हती. तिच्या माहेरी नाताळला सगळी जमायची आणि ती दरवर्षी इथे, कारण मला साडेआठला अंगणात उभं राहायचं असायचं. त्या वर्षी म्हणाली, लग्न माझ्याशी केलंत की त्या खोक्याशी? आणि गेली. चार दिवस मी ताठ्यात काढले. मग तुझं गाणं ऐकलं शाळेत. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. तिथून उठलो तो बसला गेलो. रात्री तिच्या दारात उभा राहिलो तर दार उघडून पहिला प्रश्न काय? 'उद्याचं वाचन?' म्हटलं, उद्याचा रकाना कोरा ठेवून आलोय, तुझ्यासाठी."

 मुंगीला आईचा चेहरा दिसत होता, दारातला, आत दिवा असलेला.

"आणि घरी येऊन बघतो तर तू तो भरून ठेवलेलास." बाबा हसले, पण डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "शेवटपर्यंत चिडवायची मला. म्हणायची, अख्ख्या वहीतला एक रकाना माझ्या वाट्याला आला होता, तोही तुमच्या लेकीनं ढापला."

"मला कधी म्हणाली नाही."

"तुला कशाला म्हणेल? तुझा अभिमान होता तिला. मला म्हणायची."

आत मुलगी बॅग भरत होती. बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि टेबलाशी जाऊन बसले.

"नोंद नाही," ते म्हणाले.

"काका, परत एकदा विचार करा. तो सन्मान..."

"चार तासांचा कार्यक्रम, तीन तासांची भाषणं. दाब."

मुलीनं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं मान हलवली. मुलीनं दाबलं.

"फक्त बेकरीवाल्याला सांगू नकोस," बाबा मुंगीला म्हणाले. "म्हातारा त्या थंडीवर जगतो."

"काका, हा कारण मागतोय," मुलगी म्हणाली. "उपकरण नादुरुस्त, निरीक्षक आजारी, निरीक्षक गैरहजर."

"गैरहजर."

"गैरहजेरीचं कारण लिहायला जागा आहे. मी 'खासगी काम' टाकते. सगळे तेच टाकतात."

"खासगी कसलं? गल्लीभर बोभाटा झाला होता." बाबांनी खुर्ची पुढे ओढली. वाचन सांगताना बसायचे तसे ताठ बसले. "लिही. बायको रुसून माहेरी गेली होती. तिला आणायला गेलो होतो."

 मुलीनं एकेक अक्षर नीट लिहिलं, जराही न हसता. लिहून झाल्यावर तिचं बोट बटणावर अडलं.

"आल्या का मग काकू?"

"हो, तेही घाल," बाबा म्हणाले. "पहिल्या बसनं आली."