घर बांधायचं राहिलं

२००१ साली धाकट्याच्या कंपनीचा व्हिडिओ गेम 'येत्या महिन्यात' बाजारात येणार होता. २००० सालीही तो येत्या महिन्यातच येणार होता. तारीख पुढे गेली की मालक केक कापत. "उशीर नव्हे, दर्जा!" म्हणत. त्या केकांनी सगळ्या ऑफिसची पोटं सुटली होती.

इकडे आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, उजवाही त्याच वाटेवर. डॉक्टर रागवत, पण ऑपरेशनला धाकटा जवळ हवा, हा तिचा हट्ट. त्याचं एकच पालुपद, "गेम सुटू दे, आई. मग तुझा डोळा." गेमबरोबर डोळ्याचीही तारीख पुढे जाई. डोळ्याला तेवढा केक नसे.

"तो मेला ऑफिसातच झोपतो," थोरली लेक म्हणे. "तू बस वाट बघत."

शेवटी एका दुपारी आई धुतलेले सदरे घेऊन ऑफिसात थडकली. टेबलांखाली चादरी, कीबोर्डांत केकचा चुरा, खिडक्यांना काळा कागद. बाहेर दिवस आहे की रात्र हे कळलं की माणसं घरी जायचं म्हणतात ना!

"या माउली!" मालक म्हणाले. "आम्ही इथं एक कुटुंबच आहोत."

"हो का? मग कुटुंबातल्या कुणाला याचे सदरे धुवायला काय झालं होतं?"

मालक मोठ्याने हसले आणि त्यांनी गेम खेळायला तिलाच बसवलं. पडद्यावर एक वीर राक्षस मारायला घराबाहेर पडला होता. आईने त्याला वळवलं आणि परत दाराकडे चालवलं.

"अगं आई, तिकडे नाही! राक्षस पुढे आहे."

"असू दे. आईला सांगून तरी निघू दे बिचाऱ्याला."

वीर दारातून आत गेला आणि जमिनीतून थेट खाली पडला. पडतच राहिला. घराला फक्त पुढची भिंत होती, आत काही बांधलंच नव्हतं. राक्षस सगळ्यांनी हजारदा मारला होता; परत घरी जाऊन बघावं, हे एकालाही सुचलं नव्हतं.

मालकांनी टाळी वाजवली. "घर आतून बांधायलाच हवं! दोन महिने आणखी. केक मागवा रे!"

म्हणजे आईने आपल्याच हाताने आपला डोळा दोन महिने पुढे ढकलला. ती पडद्याजवळ वाकली. "अजून पडतोच आहे का रे तो? मला नीट दिसत नाही."

धाकटा पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलाखालची चादर ओढून सदऱ्यांच्या पिशवीत कोंबली. "चल आई. डॉक्टर संध्याकाळपर्यंत असतात."

"अरे, आणि केक?" मालक ओरडले.

"पुढच्या तारखेला खाईन."

तो परत गेला नाही. गेम आणखी तीन केकांनंतर आला. घर म्हणे आतून फार सुंदर होतं, बघायला गिऱ्हाईक तेवढं नव्हतं. मालक हल्ली 'कामाचा ताण कसा टाळावा' यावर भाषणं देतात, तीही उशिरा सुरू होतात. धाकटा शाळेत संगणक शिकवतो. घंटा झाली की घरी. "मी आधीच सांगत होते," असं थोरली अजून सांगते. आणि आईला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं. पहिली पट्टी सुटली तेव्हा हात धरून बसलेल्या धाकट्याला ती म्हणाली होती, "केस किती पांढरे झाले रे तुझे! आणि मला कुणी सांगितलं नाही."