तेराझास नावाची हाक

माझ्या मुलीचं कागदावरचं नाव आरियाना तेराझास क्लाउरे. आधी बापाचं आडनाव, मग माझं. ती दोन वर्षांची असताना बाप कामासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सांताक्रूझ शहरात गेला तो गेलाच. तेव्हापासून घरात मी 'तेराझास' उच्चारूही दिलं नाही. माझा रागच तसा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आठव्या वर्षी आरियाना बोलता बोलता मध्येच थांबायला लागली. डोळे उघडे, पण हाक ऐकू जायची नाही. दहा-पंधरा सेकंदांनी भानावर यायची. शाळेतल्या बाई म्हणायच्या, लक्ष नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र चिठ्ठी दिली, "मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. औषधाने थांबेल."

ते डॉक्टर ला पाझ शहरातून चार महिन्यांनी एकदा आमच्या गावी येत. मी पहाटेपासून रांगेत उभं राहून नंबर लावला. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं.

"आरियाना क्लाउरे," मी ठसक्यात सांगितलं.

त्याने तिचं ओळखपत्र घेतलं आणि त्यावरून लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांच्या दारात नर्स नुसती आडनावं पुकारत होती. "तेराझास!"

आरियानाने माझी शाल ओढली. "मम्मी, ती मीच ना?"

"तू क्लाउरे आहेस. गप बस."

नर्सने आणखी दोनदा पुकारलं. आम्ही बसूनच राहिलो. एक वाजता दार बंद झालं तेव्हा मी भांडायला उठले.

"तीनदा हाक मारली हो सेन्योरा," नर्स म्हणाली. "होतात कुठे? आता चार महिन्यांनी."

तिसऱ्या महिन्यात न्याहारी करताना आरियाना तशीच थांबली आणि उकळत्या आपीचा, मक्याच्या दाट पेयाचा, मग तिच्या हातावर सांडला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. ती रडत होती आणि मी स्वतःला शिव्या घालत होते.

पुढच्या खेपेला मी खिडकीत पूर्ण नाव सांगितलं, आणि 'तेराझास' ऐकताच उठले.

डॉक्टरांनी भाजलेला हात पाहिला, कागद पाहिला. "मागच्या वेळी नंबर होता. आला का नाहीत?"

मी शाल सावरायला लागले.

"आलो होतो," आरियाना म्हणाली. "हाक मला ऐकूच आली नाही, डॉक्टर. मला असं होतं ना."

डॉक्टरांनी मान हलवून तेच लिहून घेतलं. आणि मी, तिची आई, लिहू दिलं.