डाव्या बाजूचा ठोका

मित्रांनो, मी लाकडाची हरिणी. वय विचाराल तर मला घडवणारा लोहारही आता हयात नाही. आफ्रिकेतल्या आमच्या बामाना मुलखात लाकूडही लोहारच कोरतात. त्याने वाकसाने मला तासलं, वेताच्या टोपीवर बसवलं आणि शेजारी माझा नर ठेवला. आम्हाला चिवारा म्हणतात. शेत खणणाऱ्यांना जोर यावा म्हणून माणसं आम्हाला डोक्यावर बांधून, काळ्या धाग्यांचा झगा घालून, दोन काठ्यांवर ओणवी होऊन नाचतात. पहिल्या चिवाराने माणसाला शेती शिकवली. पुढे माणसं धान्य उधळू लागली, तेव्हा रुसून त्याने स्वतःला जमिनीत गाडून घेतलं. म्हणून आम्ही जोडीनेच नाचतो आणि आमच्या मधून कुणी जायचं नसतं.

आमचं फार कौतुक व्हायचं. बायका मागून गाणी म्हणायच्या. कापणी झाली की आम्हाला तेल चोळून ठेवायचे. पुढे तेल चोळायचं राहून गेलं. मी चुलीवर टांगलेली होते, धुराने वाचले. माझा नर पलीकडच्या भिंतीवर होता. बाहेरून धडधाकट दिसायचा, आतून वाळवीने पोखरला होता. एका दुपारी भर नाचात, त्याला नाचवणाऱ्या झानच्या डोक्यावर असताना तो कोसळला. लोक उचलायला गेले तर हातात नुसता भुसा. बाजरीच्या सरीत तो मातीत मिसळून गेला. मला फार वाईट वाटलं.

झान शहरात निघून गेला. नवा नर कोरून घ्यायला कुणाला सवड नव्हती. “औंदा एकटीलाच नाचवू, काय बिघडतंय?” असं म्हणून झानच्या थोरल्या भावाने, सिबिरीने, मला डोक्यावर बांधलं.

त्या दिवशी डावीकडून काठ्यांचा ठोका ऐकू आला. डावीकडे कुणीच नव्हतं. सिबिरीनेही ऐकला, कारण त्याच्या काठ्या मध्येच थांबल्या. वाकलेल्या माणसाला फक्त जमीन दिसते. त्या जमिनीत त्याच्या काठ्यांच्या खळग्यांशेजारी आणखी दोन खळगे उमटत होते.

मी जमिनीकडे झुकू लागले. माझा जोडीदार तिथेच होता ना! पण माझ्याखाली सिबिरीची मान होती. झगा उतरवला तरी ती सरळ होईना. तो जेवताना वाडग्यात तोंड घालून बसायचा, अंगणातली माती नखांनी उकरायचा.

“अहो, वर बघा की जरा,” त्याची बायको तेनेबा म्हणायची. “जमिनीत काय पुरून ठेवलंय तुम्ही?”

“कुणीतरी ठोकतंय गं खालून.”

“मग ठोकू दे! तुम्ही कशाला दार उघडताय?”

पण पुढच्या शेतावर पुन्हा तोच नाचायला उभा राहिला. दुपारी माझी शिंगं मातीला टेकली. सिबिरी गुडघ्यांवर आला, काठ्या टाकून दोन्ही हातांनी खणू लागला. त्याचं तोंड मातीत गेलं. लोकांना वाटलं, काय नाच रंगलाय!

“वा रे सिबिरी! असा नाच बघितला नव्हता!”

ठोका अगदी जवळ आला होता. सगळ्या बायका गात होत्या, फक्त तेनेबाचं गाणं थांबलं. ती धावली आणि माझ्या व डावीकडच्या मोकळ्या जागेच्या थेट मधून घुसली.

“मधून गेली! अगं, मधून गेली!” माणसं ओरडली.

तिचं डावं अंग भर उन्हात शहारलेलं मी पाहिलं. तिने दातांनी माझी गाठ सोडली, मला बाजूला केलं आणि नवऱ्याचं तोंड मातीतून वर काढलं. तो खोकला. ठोका थांबला.

“रागवायचं नाही हं, बाई,” ती मला म्हणाली. “तुला तुझा हवा होता. मला माझा हवाय.”

मी रागावले नाही.

लोहार दोसेबाबांनी नवा नर कोरला. तो चांगला आहे. तेनेबा आम्हा दोघांना तेल चोळते. चोळताना माझी मान चाचपून बघते. सिबिरीची मान मात्र अजून पुरती सरळ झालेली नाही.

मित्रांनो, ज्याला तेल हवं त्याला वेळेवर चोळा. जाणारा मातीत जातो, त्याचं त्याला काही नसतं. पण मागे राहिलेली त्याच्याकडे झुकतेच, आणि तेव्हा तिच्याखाली कुणाची तरी मान असते.