आईच्या हातातलं बटण

वाचताना आईला समोर बाबांची भुवई नको होती, आणि त्या एका भुवईपायी मला बटण बनवावं लागलं.

बाबांचा धंदा लोकांचे आवाज रेकॉर्ड करण्याचा. घराच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा स्टुडिओ. आतल्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, मधोमध टेबल, त्यावर माइक, आणि एक अजिबात न करकरणारी खुर्ची, जिच्यासाठी बाबांनी चार दुकानं पालथी घातली होती. प्रत्येक दुकानात ते खुर्चीवर बसून डोळे मिटून मागेपुढे हलायचे, आणि मी लांब उभी राहून ओळख नसल्यासारखं दाखवायचे. बाहेरच्या खोलीत रेकॉर्डर, कारण त्याचा पंखा घुरघुरतो. मध्ये काच. काचेपलीकडे बाबा.

आई शाळेच्या ऑफिसात काम करते. माझ्या नाही, दुसऱ्या शाळेच्या, नशीब माझं. पण गोष्ट वाचावी तर तिनेच. मी दोन वर्षांची होते तेव्हापासून ती मला वाचून दाखवते. आता मी दहावीत आहे, तरी दाखवते. मागच्या वर्षीपर्यंत ही गोष्ट मी कुणाला मरेपर्यंत सांगितली नसती. आता बिनधास्त सांगते. हसायचं त्यांनी हसा.

तर झालं असं. एक प्रकाशनवाल्या बाई स्टुडिओत कामासाठी आल्या होत्या. जाताना त्यांना स्वयंपाकघरातून आईचं वाचन ऐकू आलं. मी भांडी पुसत होते आणि आई ओट्याला टेकून मला बकरीची गोष्ट वाचत होती. बाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे मुलांच्या बारा गोष्टी आहेत, रेकॉर्ड करायच्यात. हीच एक गोष्ट पूर्ण वाचून शनिवारी पाचच्या आत पाठवा. पसंत पडली तर बाराही तुमच्या."

आई त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घालून मोकळी झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्या आवाजासाठी विचारलं होतं.

आणि मग ती त्या न करकरणाऱ्या खुर्चीवर बसली, आणि तिचा दगड झाला.

"एका गावात," आई म्हणाली, "एक बकरी... अहो, काय झालं?"

"काही नाही. वाच ना," बाबा काचेपलीकडून माइकवर.

"मग भुवई का वर गेली?"

"कुठे गेली?"

"आत्ता गेली होती."

तीन दिवस रोज संध्याकाळी हेच. गुरुवारी बकरी दुसऱ्या वाक्याच्या पुढे गेली नाही. आईने पुस्तक मिटलं. "तुम्ही बाहेर असाल तर मी वाचणार नाही."

"अगं, मग मशीन कोण चालवणार?"

"उचापती चालवेल."

उचापती म्हणजे मी. हे नाव मला कसं पडलं ते विचारू नका. घरातल्या इस्त्रीचा प्लग मी उघडला होता, ते अजून सगळ्यांच्या लक्षात आहे.

"मी बाहेर बसले तर तू वाचशील कुणाला?" मी विचारलं.

आईला हे सुचलंच नव्हतं. समोर मी असल्याशिवाय तिला वाचता येत नाही. म्हणजे मी आत, आई आत, बाबा हद्दपार, आणि रेकॉर्डर एकटा बाहेर.

"मशीन सुरूच ठेवा की सगळा वेळ," आई म्हणाली.

"आणि तू अडखळशील, पाणी पिशील, त्या बकरीशी भांडशील, ते सगळं मी कापत बसू? दोन दिवस जातील. शनिवारी पाचला द्यायचंय."

तेव्हा मी रेकॉर्डरच्या पाठीमागे डोकं घातलं. तिथे एक छोटं भोक होतं, लांबून चालवण्याच्या बटणासाठी. बाबांनी ते कधी वापरलंच नव्हतं, त्यात धूळ बसली होती. सोबतच्या चोपडीत लिहिलं होतं: दोन तारा क्षणभर एकमेकींना लावल्या की मशीन सुरू; पुन्हा लावल्या की बंद.

"बस एवढंच? हे मी करते," मी म्हणाले. गेल्या वर्षीची मी असते तर 'करू का?' असं विचारलं असतं.

त्याच रात्री ड्रॉवरमधलं दिव्याचं एक बटण जोडून बघितलं. दाबलं, मशीन सुरू. दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, बंद. एकदा ऐकायचं, एकदा नाही. बाबा म्हणाले, "तुझ्यावर गेलंय."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर थेट समोरच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांच्या दुकानात उघड्या पोटाचे रेडिओ असतात आणि काका मान वर न करता बोलतात.

"या, इंजिनिअर. काय जाळलंत?"

"अजून काही नाही." मी बटण पुढे केलं.

त्यांनी ते नुसतं दाबून ऐकलं. "हे दाबलं की दाबलेलंच राहतं. दिव्याला ठीक. तुला दारावरच्या बेलचं पाहिजे. बोट ठेवलं तर जुळलं, बोट उचललं तर सुटलं. मशीनला नुसतं टिचकी मारून बोलवायचंय, त्याचा हात धरून बसायचं नाहीये."

शाळेत दहा वर्षांत मला इतकं सोपं कुणी काही समजावलेलं नाही.

बेलचं बटण, दोन पदरी वायर आणि टोकाला लावायची पिन घेऊन आले. साबणाच्या डबीच्या झाकणाला तापलेल्या खिळ्याने भोक पाडलं. घरभर असा वास सुटला की आई नाकाला पदर लावून खिडक्या उघडत फिरली. डबीच्या आत वायरला गाठ मारली, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी जोड तुटायचा नाही. ही काकांची शिकवण. तारा बटणाला जोडणारा कथलाचा डाग मी दिला. पहिला डाग वाटाण्याएवढा झाला, तो काढून दुसरा दिला, तो चकचकीत बसला. बाबा मागे हात बांधून उभे होते. त्यांचे हात किती शिवशिवत होते ते मला न बघताही कळत होतं, पण ते मध्ये पडले नाहीत. ह्याचे त्यांना पैकीच्या पैकी गुण.

दाराच्या फटीतून वायर आत घेतली. टिचकी: सुरू. टिचकी: बंद. वीस वेळा केलं, वीसही वेळा बरोबर. बटणाचा 'टक्' माइकला ऐकू जात होता, म्हणून डबी आईच्या मांडीवर शालीत गुंडाळायचं ठरलं. आईने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि म्हणाली, "म्हणजे मी म्हणेन तेव्हाच?"

"तू म्हणशील तेव्हाच."

शनिवारी एक वाजता बाबांनी सगळं लावून दिलं आणि पिशवी घेऊन घराबाहेर पडले. "साडेतीनला येतो. भुवई बरोबर नेतोय, काळजी करू नका."

आईने शालीखाली बटण दाबलं आणि वाचायला लागली.

काय वाचलं तिने! छत्र्या दुरुस्त करणारी बकरी सारखी घाईत, आणि तिच्याकडे आलेला उंट असा संथ, की एका वाक्यात माझी जांभई येऊन जावी. एवढ्या लांब मानेला कसली छत्री द्यायची ह्यावर दोघांचं भांडण चालू होतं तेव्हा मी तोंडावर उशी दाबून हसत होते. अडखळली की आई बटण दाबायची, पाणी प्यायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची, पुन्हा दाबायची, पुढे. शेवट झाला तेव्हा तिचा चेहरा लालेलाल झाला होता. "जमलं का गं?" मी तिला मिठीच मारली.

साडेतीनला बाबा आले. बाहेरच्या खोलीत तिघेही ऐकायला बसलो. बाबांनी चालूच राहिलेलं मशीन थांबवलं आणि झालेलं रेकॉर्डिंग लावलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग शांतता. मग घट् घट् घट्.

"हे काय?" बाबा.

"मी पाणी पितेय," आई.

मग मशीनमधून आईचाच आवाज: "बकरी जरा जास्त तर नाही ना होत?" आणि माझा: "आई, बकरी भारी आहे! उंट अजून झोपाळू कर." मग खोकला. मग पुन्हा पाणी. गोष्टीचा एक शब्द नाही.

सगळं उलटं झालं होतं. वाचताना मशीन बंद आणि गप्पा मारताना सुरू.

"पण मी वीस वेळा बघितलं होतं!" माझा आवाज चिरकला.

बाबा हळूच म्हणाले, "मी जाताना मशीन सुरू करून गेलो."

"का?"

"सवय. माणूस खुर्चीवर बसायच्या आधीच मी सुरू करतो. पहिला श्वास सुटायला नको म्हणून."

म्हणजे आईच्या पहिल्या टिचकीने ते बंद झालं होतं. रेकॉर्डरचं तोंड बाबांच्या खुर्चीकडे, आमच्याकडे त्याची पाठ. आतून काही दिसायचा प्रश्नच नव्हता. चूक बाबांची होती, आणि बटणाला दिवा न लावणारीचीही होती. मी तसं म्हणून टाकलं. रडू येत होतं, तरी म्हणून टाकलं.

मशीन चालूच होतं, कारण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"बाकी कुणाचं काही नाही वाटत गं मला," मशीनमधली आई मला सांगत होती. "त्या बाईंनी नको म्हटलं तर म्हटलं. पण ह्यांनी आयुष्यभर किती आवाज ऐकलेत. ह्यांची भुवई वर गेली की वाटतं, संपलं, आपलं काही खरं नाही."

खरी आई उठून बंद करायला धावली, पण वाक्य पूर्ण झालं होतं.

बाबा तिच्याकडे वळले. "अगं, मी तुझ्याकडे बघतच नसतो. मी मशीनवरच्या काट्याकडे बघतो. आवाज मोठा झाला की काटा उसळतो, आणि त्याच्याबरोबर ही भुवई पण वर जात असेल. मला काय माहीत?"

"काहीतरी सांगू नका."

"आई, आत जा," मी म्हणाले. "बघूया."

आई माइकसमोर बसली. बाबा काट्यासमोर. मी मध्ये दारात, दोघं दिसतील अशी.

"तुम्ही फार घोरता," आई हळू आवाजात म्हणाली. भुवई जागच्या जागी.

"आणि तुमची ती हिरवी विजार मी फेकून देणार आहे." भुवई ढिम्म.

"कोण आहे रे तिकडे!" आई ओरडली, काटा उडाला आणि भुवई थेट केसांपर्यंत.

आई खो खो हसत सुटली. काटा नाचायला लागला, भुवईही. मग बाबाही हसले, आणि मी घड्याळ बघून किंचाळले, "पावणेचार!"

"बसा तिथेच," आई बाबांना म्हणाली. "बटण मीच दाबणार. मशीन चालू असेल तेव्हा हात वर, बंद असेल तेव्हा खाली. तुम्ही आता दिवा."

"तोंडाने काही बोलायचं नाही?"

"दिवा बोलतो का?"

तिने टिचकी मारली. बाबांचा हात शाळेतल्या हुशार मुलासारखा वर गेला. आणि ती बाबांच्या समोर, काचेतून थेट त्यांच्याकडे बघत, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत वाचत गेली. बकरी चिडली तेव्हा भुवई वर गेली. आई थांबली नाही, बकरीला अजून चिडवलं. मधे फक्त दोनदा हात खाली आला. चार चाळीसला गोष्ट बाईंकडे पोहोचली.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. आईने स्पीकर लावला. बाई म्हणाल्या, "छान झालंय, बाराही तुम्हीच वाचा. फक्त बकरी जरा घाईने बोलते. तेवढं संथ कराल?"

गेल्या आठवड्यातली आई असती तर 'हो हो, करते की' म्हणाली असती.

"नाही हो," आई म्हणाली. "तिच्याकडे सतरा छत्र्या पडल्यात. ती घाईतच बोलणार. हवा तर उंट आणखी संथ करते."

पलीकडे बाई हसल्या. "बरं बाई. राहू दे तुमची बकरी."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "मला विचारशील तर, किंचित घाई होते खरी."

"विचारलं का?" आई म्हणाली, आणि दुसरी गोष्ट चाळायला घेतली.