नातीचा चीक

मी बनाबाई. तासगावाकडं आमची शेळ्या-मेंढरं हाईत. तोंडाची लय फटकळ हाय मी, पर नातीनं माजी बोलती बंद केली.

सून राणी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. पोरगी कशी, तर लोन्याचा गोळा! नर्सबाईनं बजावलं, दोन-दोन तासाला अंगावर पाजा. मी कुणाचं ऐकतीय! आईचा पयला चीक जड, तिसऱ्या दिशी पाजायचं, ही आमची रीत. नर्सबाईची पाठ वळली की चीक पिळून टाकायला लावायची आन् पोरीच्या जिभंला मधाचं बोट लावायची. दुसऱ्या दिशी घरी आनली.

सांजच्याला पोरीचा डावा हात लटलट उडाया लागला. धरला तरी थांबंना. डोळं एका जागी. मला वाटलं, दिष्ट लागली. मीठ-मोहऱ्या घ्याया धावले, तर ल्योक बिरदेव वरडला, "आये, मीठ ठेव, गाडीत बस!"

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनीबाईंनी टाचंतलं रक्त तपासलं. "साखर फार उतरलीय, झटके त्यानंच," म्हनाल्या आन् शिरंतनं साखर सोडली. "पण उतरली का? दूध पिऊनही उतरली असेल, तर कारण दुसरं. जन्मताना श्वास कोंडला, मेंदूत जंतू गेले, काहीही असेल. पाठीतलं पाणीसुद्धा काढावं लागेल. दूध किती वेळा दिलं?"

राणीनं माज्याकडं बगितलं. "दर दोन तासाला," म्हनाली.

माजी अब्रू झाकायला सून खोटं बोलली!

"खोटं हाय," मी म्हनलं. "एक थेंब दिल्याला न्हाई. मीच दिऊ दिला न्हाई."

डॉक्टरबाई रागावल्या न्हाईत. केसपेपरावर आमचा मेंढरांचा धंदा लिवल्याला हुता. "मग उपासानंच उतरली असणार, पाठीतलं पाणी तूर्त नको. मावशी, कोकरू जन्मलं की काय करता?"

"आवं, काय म्हंजे? तासाभरात चीक पाजती. न्हाई तर जगंल व्हय ते?"

बोलले आन् कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्सांत एक कोकरू उपाशी ठेवलं न्हाई, आन् नात ठेवली!

झटकं थांबलं. सकाळी साखर टिकली, रिपोर्ट चांगलं आलं. "आता पाजा. पण पुढं तपासायला आणत राहा," डॉक्टरबाई म्हनाल्या. राणीनं पोरीला छातीशी धरलं. पोरीनं दोन येळा तोंड फिरवलं, आन् मग अशी चुपूचुपू प्याया लागली म्हनता!

"पितीया! माजी नात पितीया!" मी वार्डात वरडले.

"आजी, हळू," तिथली नर्स म्हनाली.

आवं, हळू कसलं! लय हसले, लय रडले. जिनं माजा गळा धरायला पायजे हुता, त्या राणीनंच पदरानं माजं डोळं पुसलं.