खांबाचाही अंक फिरला

आंजी गावच्या समाजमंदिरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर अंकेश्वर महाराज आणि त्यांच्या मागच्या फ्लेक्सवर एकच आकडा: १४२८५७. पुढ्यात लुडोचा फासा, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि तांब्याचा हंडा. रोग्याने फासा टाकायचा, पडेल त्या दानाने आकड्याला गुणायचं. उत्तरात तेच सहा अंक, त्याच क्रमाने. फक्त सुरुवात दुसरीकडून!

"अंक फिर गया, बीमारी फिर गई!" महाराज गरजायचे. रोगी आपल्या गोळ्या हंड्यात टाकायचा. हंडा निम्मा भरला होता.

समीक्षाचं लक्ष आईच्या मुठीकडे होतं. रुख्माबाईंच्या मुठीत शुगरच्या गोळ्यांची पट्टी होती.

"माय, टाकू नको."

"काऊन व? बीएस्सी झाली म्हणून तुले महाराजापेक्षा जास्त कळते? शेजारच्या सुलोचनाचा अंक फिरला, तिनं कालच गोळ्या सोडल्या."

"अन् आज तिले चक्कर आली."

"थे उन्हानं."

रुख्माबाईंनी फासा टाकला. चार. कॅल्क्युलेटर म्हणाला, ५७१४२८. टाळ्या कडाडल्या. त्यांचा हात हंड्याकडे गेला तसं समीक्षाने मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने फासा उचलला.

"अजून एक रोगी हाये जी, महाराज. थो विजेचा खांब."

कुणी काही बोलायच्या आत फासा पडलासुद्धा. पाच. बाजूला उभ्या नत्थूजींनी आपल्या मोबाइलवर गुणाकार केला: ७१४२८५.

"अबे, खांबाचाही फिरला!" नत्थूजी ओरडले. "याच्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या जी?"

"खंबे में भी प्राण है!" महाराज म्हणाले.

"मग आता सातने गुणा, नत्थूकाका."

"फासे पे सात नहीं होता, बेटी."

"म्हणूनच तर फासा ठेवला तुम्ही."

उत्तर आलं ९९९९९९.

"नौ ग्रह!" महाराजांनी हात जोडले.

नत्थूजींनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "नऊ तर सहाच हायेत. बाकीचे तीन ग्रह कुठं गेले?"

हशा ओसरायच्या आत समीक्षाने, भुलाबाईच्या गाण्यांना बसतात तशा, सहा बाया गोल बसवल्या. ओळीने अंक दिले: एक, चार, दोन, आठ, पाच, सात.

"सुलोचनाकाकू, तुमचा दोन. तुमच्यापासून म्हणा."

दोन, आठ, पाच, सात, एक, चार.

"मूळ आकड्याची झाली दुप्पट! कोणापासूनही सुरू करा, फेरी तीच."

"पण असं होते काऊन?" रुख्माबाईंनी विचारलं.

"एकाले सातने भागत जा, दर खेपी शून्य चढवून. बाकी उरते तीन, मग दोन, सहा, चार, पाच, अन् पुन्हा एक. तिथून तेच चक्र. भागाकारात येतो हाच आकडा, १४२८५७, पुन्हा पुन्हा. आकड्याले दोनने गुणणं म्हणजे एकाऐवजी दोनाले सातने भागणं; त्याच चक्रात दोनापासून शिरायचं. सहापर्यंत कोणतंही दान टाका, हेच. सातले सातने भागलं की बाकीच उरत नाई, चक्र तुटते."

महाराज मागचा फ्लेक्स गुंडाळता येतो का ते पाहत होते.

"आकड्याची काही चूक नाई," समीक्षा म्हणाली. "थो आजाऱ्यासाठी फिरते, धडधाकटासाठी फिरते, खांबासाठीही फिरते. जे सगळ्यांसाठी सारखंच होते, त्यावरून एकाचा आजार गेला हे कसं कळन? शुगर उतरली का नाई, थे रक्त तपासून पाहा. अन् हंड्यातल्या गोळ्या आता कोणी घेऊ नका. कोणाच्या कोणत्या, कळणार नाई. दवाखान्यातून नव्या आणा. सुलोचनाकाकू, तुम्ही आत्ताच चला."

रुख्माबाईंनी मूठ उघडली. पट्टी घामाने ओली झाली होती. ती त्यांनी पदराला पुसून पिशवीत ठेवली.

"आकडा मात्र झकास हाये व," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर मले थो भागाकार दाखवजो. गोळी खाल्ल्यावर."